दोन भोकांची रायफल

[दृश्य: कॅनडातल्या एका घराचं तळघर. मेजावर जुनं ब्लँकेट, त्यावर रायफल. कॅमेरा दस्त्यावरून हळूहळू पुढे सरकतो.]

लाकडावर ओरखडे आहेत, पण तेल लावून लावून ते मऊ झालंय. बाजूच्या पोलादी भागावर कोरलंय 'लाँग ब्रांच' आणि खाली साल, 1943. ही ली-एनफिल्ड नंबर 4, ब्रिटिश घडणीची लष्करी रायफल. काडतूस पॉइंट 303.

लाँग ब्रांच इथून फार लांब नाही. टोरांटोच्या पश्चिमेला, तळ्याच्या काठी, 1940 साली सरकारी शस्त्र कारखान्याची उभारणी सुरू झाली. युद्ध संपेपर्यंत नऊ लाखांच्या आसपास रायफली तिथून बाहेर पडल्या. कामावर बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. त्या कारखान्याची तपासणी इमारत अजून उभी आहे, आता तिथे कलाकेंद्र चालतं.

[दृश्य: रायफलच्या मागच्या साइटचा क्लोज-अप. बोट ती उलटवतं. खट्. पुन्हा खट्.]

आपली गोष्ट मात्र या एवढ्याशा तुकड्याची आहे. ही साइट, नेम धरायला हिच्यातून बघतात. इंग्रजी 'एल'सारखा वाकवलेला पत्रा, त्याला दोन भोकं. एका बाजूला टाकलं की नेम तीनशे यार्डांसाठी, दुसऱ्या बाजूला टाकलं की सहाशेसाठी. मधलं काही नाही.

मालक निवृत्त गृहस्थ आहेत. हरणांच्या मागे जात नाहीत, महिन्यातून एकदा नेमबाजीच्या शंभर यार्डांच्या रेंजवर जातात. तीनशे यार्डांना बसवलेली साइट शंभरावर वापरली, तर गोळी नेमाच्या साधारण सहा इंच वर लागते. म्हणजे काळ्या वर्तुळाच्या मध्यावर गोळी हवी तर नेम त्याच्या खाली कुठेतरी, कोऱ्या कागदावर धरायचा. वर्षभर तसं केलं. मग म्हणाले, "पुरे झालं. वरखाली होणारी साइट शोधतो."

[दृश्य: जुने फोटो. कारखान्यातली यंत्रं, रायफलींच्या रांगा.]

वरखाली होणारी साइट या रायफलीला होतीच. खरं तर पहिली तीच. मार्क 1 म्हणतात तिला. उभी पट्टी, त्यावर दोनशेपासून तेराशे यार्डांपर्यंतचे आकडे, आणि वरच्या टोकाला एक स्क्रू. तो फिरवला की भोकाचा तुकडा टक, टक, टक करत चढतो. पट्टी आडवी पाडली की खालचं मोठं भोक समोर येतं. घाईच्या लढाईसाठी.

देखणी वस्तू! आणि तिथेच गोची झाली. असे बारीक आटे पाडायला कुशल हात लागतात आणि वेळ लागतो. युद्धात दोन्ही कमी. म्हणून दोन भोकांचा पत्रा आला, मार्क 2. पुढे मधला मार्ग म्हणून मार्क 3 आणि मार्क 4 आल्या: स्क्रू नाही, पण सरकणारा तुकडा आणि खाचा. युद्ध सरल्यावर कित्येक रायफली दुरुस्तीला गेल्या, तेव्हा पत्रे काढून चांगल्या साइट बसवल्या गेल्या. म्हणूनच आज दोन भोकांसकट शिल्लक राहिलेली रायफल पाहिली की संग्राहकांचे डोळे चमकतात.

आमच्या गृहस्थांना हे ठाऊक आहे. हा पत्रा तिचा जन्मजात असू शकतो. बदलला तर काही लोक नाक मुरडतील. माझं मत विचाराल तर बदलावा. पत्रा डबीत जपून ठेवावा, रायफलीला कुठे नवं भोक पाडू नये, बस. सैन्यानंही पत्रे बदललेच होते.

[दृश्य: हॉलमध्ये भरलेला गन शो. टेबलांवर डबे, तेलकट सुटे भाग.]

गन शोमध्ये शोधायचं म्हणजे जुन्या बाजारात किल्ली शोधण्यासारखं. प्रत्येक टेबलावर 'एनफिल्ड साइट' आहे, आणि प्रत्येक वेगळी.

ही बघा, छान आहे, पण दुसऱ्याच भावाची. पहिल्या महायुद्धातल्या एनफिल्डची साइट नळीवर, बरीच पुढे असते, आणि त्यात भोक नसून खाच असते. नंबर 4 वर ती मागे, डोळ्याजवळ आली. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर वाढलं, की हाताची चूक कमी पडते.

हा दुसरा डबा आपल्याकडचा, बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याचा. भारतात नंबर 4 बनलीच नाही. ईशापूर जुन्या घडणीवरच राहिलं. साठच्या दशकात तिथे त्याच घडणीची 7.62 मिलिमीटरची रायफल तयार झाली, 2ए. तिच्या साइटवर आधी दोन हजार मीटरपर्यंत आकडे होते. पुढच्या 2ए1 मध्ये ते आठशेवर आणले. कुणीतरी प्रामाणिकपणे विचारलं असणार, दोन हजार मीटरवर दिसतं काय? महाराष्ट्रात वाढलेल्या माझ्या पिढीला 'थ्री नॉट थ्री' म्हटलं की पोलीस चौकीबाहेरचा पहारा आठवतो. ती हीच जुनी घडण. त्या पट्ट्या इथे कामाच्या नाहीत.

[दृश्य: हातात एक साइट. मोठं भोक जिथे असायला हवं तो भाग घासून काढलेला.]

आणि ही? मार्क 1च आहे, पण खालचं मोठं भोक घासून टाकलंय. कुणी मोडली असं वाटेल. नंबर 4 च्या निवडक रायफलींवर दुर्बीण बसवून स्नायपर रायफल करत, तेव्हा ते भोक दुर्बिणीच्या आड येई, म्हणून काढून टाकत. अशा तुकड्याला जास्त भाव येतो. त्यामुळे घरी कानशीने घासलेलेही विकायला येतात.

तिसऱ्या खेपेला, एका म्हाताऱ्याच्या टेबलाखालच्या कॉफीच्या डब्यात, घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये माखलेली एक सापडली. मालकांनी ती रुमालाने पुसली, पट्टी हलवून डगमगते का पाहिली, स्क्रू खालपासून वरपर्यंत फिरवला. टक, टक, टक. मधे कुठे अडली नाही, कुठे घसरली नाही. भाव केला नाही. मला वाटलं करायला हवा होता.

[दृश्य: तळघर. पितळी ठोकणी, लहान हातोडी.]

बसवणं दहा मिनिटांचं. आधी लहान अडकपिन बाहेर, मग आडवा दांडा. इथे अंगठा दाबून ठेवायचा, कारण खाली स्प्रिंगवर बसलेला बारीक खिळा असतो, आणि तो तळघराच्या कोणत्या कोपऱ्यात उडेल ते देवच जाणे. आमचा उडाला. वॉशिंग मशीनच्या मागे मिळाला.

[दृश्य: रेंज. निशाणाचा कागद जवळून.]

शंभर यार्ड. साइट सर्वांत खाली, दोनशेवर. पाच गोळ्या. मराठीत नेम धरण्याला पूर्वी 'शिस्त धरणे' म्हणत. यांच्याकडे बघून तो शब्द आठवतो.

पाचही छिद्रं एकमेकांना चिकटून. पण वर्तुळाच्या दोन-अडीच इंच वर, आणि किंचित डावीकडे.

मागची साइट आता याहून खाली जाणार नाही, आणि डावीउजवीकडे ती मुळातच सरकत नाही. ते काम माशीचं, म्हणजे नळीच्या टोकावरच्या पुढच्या साइटचं. माशी डावीकडे ढकलली की गोळ्या उजवीकडे येतील, उंच माशी लावली की खाली. माश्या एका इंचाच्या हजारातल्या पंधरा भागांच्या फरकाने बनवल्या जात, आकडा त्यांच्यावरच ठोकलेला असे. एक पायरी चढली की शंभर यार्डांवर जवळपास दोन इंचांचा फरक.

मालक भिंगातून माशीवरचा आकडा वाचतात. वहीत लिहितात. मग विचारतात, पुढचा गन शो कधी आहे?