मागचं काय मोजलं जातं: एएनएमपासून एमएस्सी नर्सिंगपर्यंत

[दृश्य: जत तालुका. उपकेंद्राच्या दारात चपलांची गर्दी. व्हॅक्सिन कॅरियरचं झाकण उघडतं.]

आज लसीकरणाचा दिवस. कॅरियरमध्ये चार आइसपॅक आणि मधोमध लशीच्या कुप्या. आरोग्यसेविका कुपी हातात घेतात ती आधी तिच्यावरची उष्णता दाखवणारी खूण बघायला. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच ती कुपी वापरायची. बीसीजीची, म्हणजे क्षयरोगावरच्या लशीची, पावडर द्रावणात विरघळवली की लगेच कुपीवर वेळ लिहायची. चार तास झाले की उरलेली लस टाकून द्यायची, मग बाहेर किती का बाळं थांबलेली असेनात.

[दृश्य: बाळाचा डावा दंड, अगदी जवळून.]

महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली. सुई कातडीच्या आतल्या आत, जवळजवळ आडवी. बरोबर गेली तर दंडावर छोटा पांढुरका फुगवटा उठतो. खोल गेली तर फुगवटा येत नाही, आणि पुढे तिथे गळू होण्याची किंवा काखेत गाठ येण्याची भीती असते.

हा हात दोन वर्षांत तयार होतो. बारावीनंतर एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ हा आरोग्यसेविकेचा अभ्यासक्रम, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. बारावी कला शाखेतून झालेली मुलगीही हा अभ्यासक्रम करू शकते. म्हणूनच जत, आटपाडी, माण, पाटण या भागांतल्या कितीतरी मुलींसाठी नर्सिंगच्या शिडीची पहिली पायरी हीच असते.

दुसरी पायरी जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी. तीन वर्षं. ते झालं की वॉर्डात स्टाफ नर्स, सरकारी भाषेत अधिपरिचारिका. नोंदणी झालेल्या एएनएमला जीएनएमला प्रवेश मिळतो, पण तो पहिल्या वर्षाला. आधीची दोन वर्षं त्या तीनांतून वजा होत नाहीत. शेकडो बाळांना लस टोचलेली बाई वर्गात बसते आणि इंजेक्शन कुठे, किती अंशात द्यायचं हे पुन्हा पहिल्यापासून शिकते. हे बदलायला हवं. एएनएमचं काम परीक्षा घेऊन तपासावं आणि त्यातलं काही तरी पुढे मोजावं. आज तशी सोय नाही. त्यामुळे घरी हिशोब मांडताना तीन वर्षं पूर्ण धरूनच मांडायचा.

[दृश्य: मिरज. रेल्वे स्टेशन, मग दवाखान्यांचा रस्ता.]

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगाच नाही. वानलेस हॉस्पिटल इथे १८९४ मध्ये सुरू झालं. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचं सिव्हिल मिळून जिल्ह्याचा मोठा भार उचलतात. सातारा जिल्ह्यात कराडला कृष्णा विश्व विद्यापीठ आहे. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला लागतात ते पेशंट आणि भरलेल्या खाटा. निकष असा आहे की एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट असावेत आणि हॉस्पिटलच्या किमान ७५ टक्के खाटा भरलेल्या असाव्यात. प्रवेशाआधी कॉलेजची इमारत बघून भागत नाही. सकाळी दहाच्या सुमारास त्यांच्या हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डातून एक चक्कर मारा. खाटा रिकाम्या दिसल्या तर मुलगी तीन वर्षं रबरी पुतळ्यावरच शिकणार.

[दृश्य: वॉर्ड. सलाइनच्या चेंबरमध्ये पडणारे थेंब. मागे घड्याळाचा सेकंदकाटा.]

५०० मिली सलाइन चार तासांत द्यायचं आहे. सलाइनच्या नळीच्या सेटवर छापलंय, एका मिलीला २० थेंब. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं. उत्तर ४२ थेंब मिनिटाला. विद्यार्थिनी नळीवरचा रोलर फिरवते, घड्याळ डोळ्यांसमोर धरते, पूर्ण एक मिनिट मोजते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की चूकही चौपट होते.

खरी गडबड होते सेट बदलल्यावर. मायक्रोड्रिप, म्हणजे बारीक थेंबांच्या, सेटला एका मिलीत ६० थेंब असतात. त्यावरही कुणी सवयीने ४२ थेंबच लावले तर तासाला १२५ मिलीऐवजी ४२ मिलीच जातात, आणि चार तासांची बाटली बारा तास लटकत राहते. शिवाय पेशंट हात दुमडतो, नातेवाईक ‘लवकर संपू दे’ म्हणून रोलर सैल करतात. म्हणून एकदा लावून निघून जायचं नसतं, परत येऊन मोजायचं असतं.

[दृश्य: कॉलेजचा वर्ग. वयाने मोठ्या विद्यार्थिनी, काहींच्या गळ्यात मंगळसूत्र.]

तिसरी पायरी पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग. शिडी हा शब्द खऱ्या अर्थाने शोभतो तो इथे, कारण जीएनएमची तीन वर्षं या पायरीवर मोजली जातात. वर फक्त दोन वर्षं, आणि पदवी हातात. जुना साडेतीन वर्षांचा जीएनएम असो की नवा तीन वर्षांचा, दोन्ही चालतात. बारावी पास असणं आणि नर्सची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या परिचर्या परिषदेची नोंदणी असणं मात्र आवश्यक.

एएनएमपासून मोजलं तर दोन, तीन आणि दोन, म्हणजे सात वर्षं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी असेल, खुल्या प्रवर्गात ४५ टक्के असतील, तर हीच पदवी सरळ चार वर्षांत, आठ सेमिस्टरमध्ये मिळते. ज्या मुलीला हा रस्ता मोकळा आहे, तिने फी कमी आहे एवढ्यासाठी एएनएमला जाऊ नये. मात्र जिला दोन वर्षांनी घरात पगार आणायचाच आहे, तिच्यासाठी शिडी बरी. प्रत्येक पायरीवर थांबून कमावता येतं.

पोस्ट बेसिकला सिस्टर अडखळतात त्या वॉर्डात नाही, वर्गात. पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्री, बायोफिजिक्स आणि मायक्रोबायॉलॉजी, दुसऱ्या वर्षी संशोधन आणि संख्याशास्त्र. दहा वर्षं पेपर न लिहिलेल्या हाताला तीन तास लिहायचं असतं, तेही इंग्रजीत. प्रवेशाआधीच्या तीन महिन्यांत रोज एक पान इंग्रजीतून लिहिलं, तर त्याचा उपयोग कुठल्याही गाइडपेक्षा जास्त.

दुसरी अडचण वेळेची. हा अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे. खासगी हॉस्पिटलात नाइट करून सकाळी कॉलेजला येणाऱ्या सिस्टर असतात. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते, क्लिनिकलला, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाला, पूर्ण शंभर. चुकलेला प्रत्येक क्लिनिकल दिवस पुढे भरून द्यावा लागतो, नाहीतर पदवी अडते. सरकारी सेवेत असाल तर अर्जाच्या आधी ना हरकत प्रमाणपत्र आणि रजेचा प्रश्न मिटवा. प्रवेश मिळाल्यावर धावपळ केली तर जागा हातची जाते. नोकरी सोडणं शक्यच नसेल त्यांच्यासाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाचा तीन वर्षांचा मार्ग आहे.

[दृश्य: ग्रंथालय. गुणपत्रिकेवर फिरणारं बोट.]

आता एक आकडा आधीच मनात ठेवायचा, ५५. एमएस्सी नर्सिंगला पदवीला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सवलत. पोस्ट बेसिकला ‘पास झालं म्हणजे झालं’ म्हणणाऱ्या सिस्टर ५३ टक्क्यांवर अडकतात, आणि मग पुढची पायरी कायमची बंद होते. एक वर्षाचा अनुभवही लागतो. चार वर्षांची बीएस्सी केलेल्यांना तो पदवीनंतर घ्यावा लागतो. पोस्ट बेसिकवाल्यांचा पदवीच्या आधीचा अनुभवही धरतात. म्हणजे वॉर्डातली जुनी वर्षं इथे कामाला येतात.

एमएस्सी दोन वर्षांची. मेडिकल सर्जिकल, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य यांतली एक शाखा निवडायची. शिकवायचं असेल तर हा रस्ता. पेशंटच्या उशाशीच राहून वर जायचं असेल तर क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आहे.

[दृश्य: आयसीयू. सिरिंज पंपाचा हिरवा आकडा.]

तिथे तोच थेंबांचा हिशोब वेगळ्या रूपात येतो. ६० किलोचा पेशंट, बीपी पडलेलं. बीपी वाढवणारं नॉरअॅड्रेनालिन ४ मिलिग्रॅम, एकूण ५० मिलीत. म्हणजे एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम. डोस मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम. तासाला ३६० मायक्रोग्रॅम, पंपावर ४.५ मिली. अँप्युलच्या लेबलवर दोन आकडे असतात, एक बायटार्ट्रेटचा (औषधाच्या क्षाराचा), एक बेसचा (मूळ औषधाचा), आणि पहिला दुसऱ्याच्या दुप्पट. वरचा हिशोब बेसचा आहे. एका पाळीने एक आकडा धरला आणि दुसरीने दुसरा, तर पेशंटला औषध निम्मं जातं किंवा दुप्पट. म्हणून पाळी बदलताना हँडओव्हरला पंपाचा आकडा सांगून पुरत नाही. सिरिंज कशी भरली तेही सांगायचं, आणि लेबलवर लिहायचं.

[दृश्य: टेबलावर उघडी फाइल.]

शेवटी कागदपत्रं. शिडीवरून पाय घसरतो तो बऱ्याचदा इथेच. ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’ अशा नावांचे सहा महिन्यांचे, वर्षाचे कोर्स गावोगावी चालतात. त्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नर्स म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे पुढची एकही पायरी नाही. पैसे भरण्याआधी मान्यता तपासा. एएनएम, जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची असते. पदवीची परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, किंवा अभिमत विद्यापीठ असेल तर त्यांची स्वतःची. कॉलेजचं नाव त्या मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या यादीत दिसायला हवं. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं पत्र कितव्या वर्षाचं आहे तेही वाचा.

लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र आधी काढून घ्या. बारावीला माहेरचं नाव, नोंदणीला सासरचं, आधारवर तिसरंच स्पेलिंग, यात प्रवेशाची मुदत निघून जाते. अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद आणि नोंदणी क्रमांक असू द्या. नोंदणीच्या आधीचे ट्रेनी म्हणून केलेले महिने त्यात धरू नका.

आणि नूतनीकरण. दर पाच वर्षांनी, १५० तासांच्या निरंतर शिक्षणाच्या प्रमाणपत्रांसह. ती शेवटच्या महिन्यात गोळा होत नाहीत. वर्षाला ३० तास, प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र त्याच दिवशी या फाइलमध्ये, आणि फाइलच्या आतल्या बाजूला पेनाने लिहिलेली नोंदणी संपण्याची तारीख.