कोट बसतो कुठे?

(इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

सभ्य स्त्रीपुरुषहो,

आजचा जाहीर विषय 'अश्वप्रदर्शनासाठी जॅकेटची निवड' असा आहे, आणि तो ऐकायला इतकी मंडळी जमतील असे संयोजकांनाही वाटले नव्हते, हे मागे उभ्या असलेल्यांकडे पाहून कळतेच. मला मात्र त्याचे नवल वाटत नाही. ज्या गावच्या राजघराण्याचे कुलदैवत स्वतःच घोड्यावर स्वार आहे, आणि ज्या गावच्या सुदीप्ती हजेला २०२३ साली हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचे, सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय चमूत होत्या, त्या गावाला हा विषय परका कसा असेल? घोडेस्वारीतले ते सुवर्ण देशाला ४१ वर्षांनी मिळाले. तेव्हापासून माझ्याकडे मुलांना घोडेस्वारी शिकवायला घेऊन येणारे पालक घोड्याविषयी नंतर विचारतात, त्यांचा पहिला प्रश्न, "सर, कोट कुठे शिवावा?" हाच असतो.

माझे उत्तर ठरलेले आहे. कोट कुठेही शिवावा, पण माप बसून द्यावे. मराठीत 'बसणे' हे क्रियापद फार सोयीचे आहे: कोट अंगावर बसतो आणि माणूस घोड्यावर बसतो. आपले बहुतेक टेलर मास्टर पहिल्या बसण्यासाठी जिवाचे रान करतात आणि दुसऱ्याची चौकशीही करीत नाहीत. घोडे पेंड खाते ते इथे.

याचा अनुभव मी विसाव्या वर्षी घेतला आहे. पहिल्याच प्रदर्शनात उतरायचे म्हणून वडिलांनी क्लॉथ मार्केटमधून गडद निळे कापड आणले आणि ते लग्नाच्या सुटांसाठी नावाजलेल्या एका मास्टरजींकडे दिले. त्यांचे नाव मी सांगणार नाही, कारण माझे लग्नाचे कपडेही त्यांनीच शिवले आणि ते निर्दोष होते. मास्टरजींनी मला ताठ उभे केले, श्वास रोखायला लावला आणि टेप फिरवली. ट्रायलच्या दिवशी आरशात जो तरुण दिसला, तो पाहून माझ्या आईने त्याच संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळल्या. खांद्यांत पॅड इतके भरले होते, की खोगीरभरती या शब्दाचा उगम मला तेव्हा उमगला.

रिंगणात उतरलो आणि लगाम हाती घेण्यासाठी हात पुढे केले, तोच पाठ ताणली गेली, कॉलर मानेवरून वर सरकून कानांशी आली आणि बाह्या मनगटापासून चार बोटे मागे पळाल्या. कोटाच्या मागे चीर नव्हती, कारण नवरदेवाला तिची गरज नसते. त्यामुळे मागचा सारा घेर खोगिराच्या उंच कडेवर गोळा होऊन बसला आणि मी गादीवर गादी टाकून बसल्यासारखा दिसू लागलो. घोडी बिचारी सुरेख चालत होती. दुडक्या चालीच्या दुसऱ्या फेरीत खालचे बटण तुटून वाळूत पडले. परीक्षकांनी काही म्हटले नाही. फक्त आम्हाला रांगेत शेवटून दुसरे उभे केले. शेवटच्या स्वाराची घोडी लंगडत होती, एवढाच काय तो आधार.

तक्रार घेऊन गेलो, तेव्हा मास्टरजींनी कोट माझ्या अंगावर चढवून मला पुन्हा आरशासमोर उभे केले, चारही बाजूंनी पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "कोट अगदी बरोबर आहे, भाऊसाहेब. तुमचे बसणे चुकते आहे."

पुढे एका म्हाताऱ्या शिंप्याने तो कोट वाचवला. पोलिसांच्या घोडदळाचे गणवेश शिवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी मला लाकडी बाकावर मांड टाकून बसायला सांगितले, हातात लगाम म्हणून टेपच दिली, आणि मग खडूने खुणा केल्या. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, उसवून वर घेतला, पाठीत चीर काढली आणि पॅड उपटून टाकले. सारे आटोपल्यावर त्यांनी विचारले, "घोडी रुंद आहे का?" घोडीचे माप विचारणारा शिंपी मला त्यानंतर भेटलेला नाही.

या ज्ञानाला विलायती समजण्याचे कारण नाही. इंग्रजांच्या 'रायडिंग कोट'चे फ्रेंचांनी 'रदँगोत' केले आणि तोच शब्द नव्या फॅशनचे नाव होऊन इंग्रजीत परत आला, ही गंमत खरी. परंतु आपला अंगरखा पाहा. काखेत बगल, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घालून हात मोकळा करायचा आणि खाली कळ्या जोडून घेर वाढवायचा, ही युक्ती आपल्या शिंप्यांना ठाऊक होतीच. बाराबंदीला बटणच नाही. बंद सैल करा, घट्ट करा, तुटून वाळूत पडायला काही उरतच नाही. आणि स्वाराची विजार तर आपणच त्यांना दिली: १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाला गेलेल्या जोधपूरच्या राजघराण्यातल्या सर प्रतापसिंहांमुळे तिचे 'जोधपूर' हे नाव तिकडे रूढ झाले. जोधपूरने विजार दिली, तर इंदूरने कोट का देऊ नये, असे मी...

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे राहिली आहेत आणि जाहीर विषय अजून वेशीबाहेरच आहे. तेव्हा भरभर सांगतो.

अशा प्रदर्शनात पारख घोड्याची असते: त्याची ठेवण, चाल आणि शिस्त. कोट खुलून दिसावा म्हणजे त्यात घोडा खुलून दिसावा. परीक्षक रिंगणाच्या मध्ये उभे असतात आणि तुम्ही त्यांच्याभोवती फिरता, म्हणून तुमची बाजू त्यांना सर्वांत जास्त वेळ दिसते. आरसा मात्र समोरची बाजू दाखवतो. सोबतच्या माणसाला बाजूने आणि मागून पाहायला सांगा.

आधी खांदा पाहा, कारण कंबर आत घेता येते, बाही लांब-आखूड करता येते, पण खांदा चुकला की कोट गेला. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी संपावी. मुंढा वर असावा. तो खाली असला, की हात उचलताच सगळा कोट उचलला जातो. बाही कोपर वाकवून मोजावी, म्हणजे शर्टाचा कफ अर्धा इंच दिसेल. उभे राहिल्यावर ती थोडी लांब वाटली, तर वाटू द्यावी. मागचा घेर खोगिरावर गोळा न होता चिरेतून दोन्ही बाजूंना पडावा. नितंब रुंद असतील, तर एका मधल्या चिरेपेक्षा बाजूच्या दोन बऱ्या.

अंगाने भरलेल्या स्वारांनी घट्ट कोट घेऊन बारीक दिसण्याचा मोह टाळावा. बटणापाशी ताणाच्या आडव्या रेघा पडल्या, की नेमके पोटच डोळ्यांत भरते. धड लांब असेल, तर कमरेची खोच किंचित वर घ्यावी म्हणजे पाय लांब दिसतात. ठेंगण्या स्वाराने फार लांब कोट घालू नये. त्यात पाय हरवतात.

रंग घोड्याकडे पाहून ठरवावा. तांबूस घोड्यावर गडद निळा किंवा गडद हिरवा उठून दिसतो, कुमैतावर, म्हणजे काळ्या आयाळीच्या तांबड्या-तपकिरी घोड्यावर, तपकिरी-हिरवट ट्वीड, आणि करड्या-पांढऱ्या घोड्यावर निळा किंवा काळा. पण आधी त्या वर्गाचा नियम वाचा. कुठे ट्वीड चालते, कुठे फक्त गडद एकरंगीच. ट्वीड हे स्कॉटलंडच्या ओल्या वाऱ्यासाठी विणलेले कापड आहे. माळव्यात डिसेंबरच्या सकाळी ते सुखाचे वाटते आणि दुपारी बारा वाजता प्रायश्चित्त होते. हलके लोकरी कापड आणि अर्धे अस्तर आपल्याकडे पुरते. पॉलिस्टर घाम आतच ठेवतो. वाढत्या वयाच्या मुलांसाठी शिवताना बाहीत आणि बाजूच्या शिवणीत दोन बोटे दाब सोडायला सांगा, नाहीतर दर हंगामाला नवा कोट.

दुसरी चिठ्ठी आली. बाहेर पोहे निवत आहेत, असे तीत लिहिले आहे. ज्यांनी आपले कोट सोबत आणले आहेत, त्यांनी पोहे घेऊन व्हरांड्यात यावे. तिथे एक लांब बाक आहे. तुम्ही मांड टाकून बसा, टेप मी आणली आहे.