ट्रूसोंची सुजलेली शीर

1867 सालची सुरुवात. पॅरिसमधले नामवंत डॉक्टर आर्माँ ट्रूसो पोटाच्या दुखण्याने बेजार होते. एका रात्री त्यांच्या हाताची शीर सुजली, दुखू लागली. शिष्याला ते म्हणाले, माझं आता काही खरं नाही. या शिरेने शंकाच ठेवली नाही.

कारण ओतेल-द्यू रुग्णालयात त्यांनीच शिकवलं होतं: पोटाच्या आजाराचं निदान अडलंय आणि अशात हाताच्या किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरून ती सुजली, तर खुशाल कॅन्सर म्हणा.

कॅन्सरच्या पेशी रक्त गोठवणारी द्रव्यं सोडतात. स्वादुपिंड, फुप्फुस आणि जठराचे कॅन्सर यात पुढे. गुठळी पायाच्या शिरेत धरली तर पाय सुजतो. पण कधी ती हृदयाच्या झडपेवर धरते. तिथे जंतूसंसर्ग नसतो, नुसता गोठलेल्या रक्ताचा थर असतो, तोही सैल. त्याचे कण सुटतात, थेट मेंदूत जातात आणि पक्षाघात होतो.

अशा रुग्णाच्या मेंदूचा एमआरआय वेगळा दिसतो. नेहमीच्या पक्षाघातात बहुधा एका रक्तवाहिनीच्या टापूत डाग दिसतो. इथे डावीकडे, उजवीकडे, मागेही, तांदळाचे दाणे सांडावेत तसे पांढरे ठिपके. असं चित्र असेल, रक्तातलं डी-डायमर (गुठळी विरघळताना सुटणारे प्रथिनाचे तुकडे) खूप वाढलेलं असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर डॉक्टरांनी कॅन्सर शोधायलाच हवा. काही रुग्णांत पक्षाघात आधी येतो, कॅन्सर नंतर कळतो.

न्यूयॉर्कच्या एका कॅन्सर रुग्णालयातल्या 3,426 शवविच्छेदनांचा अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातल्या जवळपास पंधरा जणांच्या मेंदूत रक्तवाहिन्यांच्या आजाराच्या खुणा होत्या. त्यातल्या निम्म्यांनाच हयातीत त्रास जाणवला होता.

कॅन्सरच्या रुग्णाच्या घरात मात्र वेगळंच घडतं. हातातून कप निसटतो, बोलणं अडखळतं, आणि आपण म्हणतो, केमोचा थकवा आहे, जरा पडू दे. घरच्यांचा दोष नाही. महिनोन् महिने थकवाच तर पाहिलेला असतो. पण हा पक्षाघात असू शकतो, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. प्लेटलेट फार कमी असतील तर तेही देता येत नाही. मग मोठ्या वाहिनीतली गुठळी जांघेतून नळी घालून काढता येते का, ते पाहतात. पुढे गुठळ्या धरू नयेत म्हणून अनेकांना हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध देतात.

ट्रूसो 23 जून 1867 ला गेले. कारण, जठराचा कॅन्सर. हेपॅरिनचा शोध लागायला तेव्हा जवळपास 50 वर्षं होती.