लिबर्टी गावातला खून आणि २१ प्रश्नांचा अर्ज

नमस्कार मंडळी. मतदार यादीत नाव घालायचं म्हटलं की आपल्याला फॉर्म सहा आठवतो. फोटो, पत्त्याचा पुरावा, जन्मतारीख, झालं. बऱ्याचदा बीएलओ स्वतःच दारात येतो. आता १९६० च्या आसपासच्या मिसिसिपीत चला, अमेरिकेच्या दक्षिणेला. तिथे कुणी दारात येत नाही. आपणच काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कोर्टात जायचं, गोऱ्या कारकुनासमोर उभं राहायचं आणि २१ प्रश्नांचा अर्ज भरायचा.

राहता कुठे, काम कुणाकडे करता, सगळं लिहायचं. मग कारकून मिसिसिपी राज्याच्या स्वतःच्या घटनेतलं एक कलम काढून देणार. ते उतरवायचं आणि खाली स्वतःच्या शब्दांत अर्थ लिहायचा. कलमं आहेत २८५, आणि अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार तोच कारकून. गोऱ्या माणसाचं दोन ओळींत भागायचं, काळा माणूस शाळामास्तर असला तरी नापास.

पण मला खटकतो तो ‘काम कुणाकडे करता’ हा रकाना. कारण १९६२ मध्ये राज्याने आणखी एक कायदा केला: अर्ज करणाऱ्याचं नाव स्थानिक वर्तमानपत्रात दोन आठवडे छापायचं. वर वर बघितलं तर केवढा पारदर्शक कारभार! प्रत्यक्षात मालकाला, उधारी देणाऱ्या दुकानदाराला आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेला घरपोच यादी. मत मागणाऱ्या काळ्या लोकांच्या छळाच्या गोष्टी आपण ऐकतो तेव्हा बंदुका, जाळपोळ, तुरुंग डोळ्यांसमोर येतात. त्या सगळ्याच्या आधी हा कागद होता.

ॲमिट नावाची एक काउंटी. तिचं मुख्य गाव लिबर्टी. म्हणजे स्वातंत्र्य! नाव मी ठेवलेलं नाही. १९६१ च्या उन्हाळ्यात बॉब मोझेस नावाचा तरुण शिक्षक लोकांना अर्ज भरायला शिकवायला या भागात आला. त्याला गाडीतून वस्त्यावस्त्यांवर फिरवायचे हर्बर्ट ली. शेतकरी माणूस, घरात मुलांचा मोठा गोतावळा. २५ सप्टेंबरला ली कापूस घेऊन जिनिंगवर गेले. मागोमाग दुसरा ट्रक आला. त्यातून उतरले ई. एच. हर्स्ट, राज्याच्या विधानसभेचे सदस्य. बाचाबाची झाली आणि आमदारांनी ली यांच्या डोक्यात गोळी घातली. दिवसाढवळ्या, लोकांसमोर.

हर्स्ट म्हणाले, लीने माझ्यावर लोखंडी पाना उगारला, मी जीव वाचवला. चोवीस तासांच्या आत कोरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ज्युरीने ते मान्य केलं. खटलाच उभा राहिला नाही.

पाना उगारल्याचं सांगणाऱ्या साक्षीदारांत एक काळा माणूस होता, लुईस ॲलन. लाकूडतोडीचा धंदा. ज्या खोलीत जबानी झाली तिथे हत्यारबंद गोरे बसले होते. त्यांनी जे सांगायला लावलं तेच ॲलन बोलले. पण ते मनातून जाईना. पुढे त्यांनी एफबीआयला, म्हणजे केंद्राच्या तपास यंत्रणेला, सांगितलं की लीच्या हातात काही नव्हतं, मला संरक्षण द्या, मी खरी साक्ष देतो. संरक्षण मिळालं नाही. बातमी मात्र गावात फुटली.

मग काय झालं असेल? लाकडाची गिऱ्हाइकं तुटली. एका डेप्युटी शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलीस अधिकाऱ्याने, टॉर्च मारून त्यांचा जबडा फोडला. गाव सोडावं तर आई आजारी. जानेवारी १९६४ मध्ये आई गेली आणि त्यांनी मिलवॉकीला जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या रात्री, ३१ जानेवारीला, घराच्या फाटकापाशी ट्रकमधून उतरले आणि तिथेच छर्‍याच्या बंदुकीने त्यांना मारलं. मृतदेह मुलाला सापडला.

एफबीआयचं तेव्हाचं पालुपद एकच: आम्ही तपास करतो, राखण करत नाही. आणि ज्या पोलिसांनी राखण करायची, तेच मारणाऱ्यांत.

फॅनी लू हेमर यांचं बघा. वाट्याने कापूस पिकवणारी बाई, वय ४४. ३१ ऑगस्ट १९६२ ला १७ जणांबरोबर बसने इंडियानोला गावी अर्ज भरायला गेल्या. नापास. परतीच्या वाटेवर पोलिसांनी बस अडवली आणि ड्रायव्हरला दंड ठोकला. गुन्हा काय, तर बसचा रंग जरा जास्तच पिवळा आहे! हसू येतं ना? घरी पोचल्या तर मळ्याचा मालक दारात: अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. तिथे १८ वर्षं राबल्या होत्या. त्याच रात्री बाहेर पडल्या. काही दिवसांनी त्यांनी आसरा घेतलेल्या घरावर १६ गोळ्या झाडल्या गेल्या.

पुढच्या जूनमध्ये विनोनाच्या तुरुंगात पोलिसांनी त्यांना पालथं झोपवून दुसऱ्या कैद्यांकरवी मारवलं. कैदीही काळेच. मूत्रपिंडाचं दुखणं जन्मभर राहिलं. पोलिसांवर खटला चालला, ज्युरी सगळी गोरी, सगळे निर्दोष. दरम्यान बाई परीक्षा पास होऊन यादीत आल्या होत्या. तरी मत देता येईना. का? मत देण्यासाठी दरवर्षी मतदान-कर भरावा लागे, आणि त्याच्या दोन वर्षांच्या पावत्या नव्हत्या.

१९६५ मध्ये मतदान हक्काचा केंद्रीय कायदा आला, केंद्राचे नोंदणी अधिकारी काउंट्यांत बसले. मिसिसिपीत नोंदणी झालेले काळे मतदार आधी शंभरात सातही नव्हते, १९६७ पर्यंत साठच्या घरात गेले. म्हणजे काळे लोक मतदानाबाबत ‘उदासीन’ नव्हतेच.

पण कायद्यानंतरही, जानेवारी १९६६ मध्ये, हॅटिसबर्गजवळ व्हर्नन डेमर यांचं घर आणि दुकान क्लॅनने पेटवलं. त्यांनी काय केलं होतं? मतदान-कर माझ्या दुकानात भरा, ज्याला झेपत नाही त्याचा मी भरतो, असं जाहीर केलं होतं. वर्षाला दोन डॉलर. बायकामुलांना निसटता यावं म्हणून ते आगीत उभं राहून गोळीबाराला उत्तर देत राहिले. धुराने फुप्फुसं होरपळली आणि ते गेले. हल्ल्याचा हुकूम देणारा क्लॅनचा म्होरक्या सॅम बॉवर्स याला जन्मठेप झाली १९९८ मध्ये. मध्ये ३२ वर्षं गेली.

लुईस ॲलन यांची फाईल एफबीआयने पुढे पुन्हा उघडली. त्या खुनासाठी शिक्षा कुणालाही झाली नाही.