आमिश पद्धतीची कांदाभजी

श्रोतेहो, नमस्कार.

कांदाभजी म्हटले की आपल्याला बेसन, ओवा, लाल तिखट आणि पावसाळी संध्याकाळ आठवते. आज ज्या भज्यांविषयी मी बोलणार आहे त्यांत बेसन नाही, ओवा नाही, आणि तिखटाचा तर कणही नाही. मैदा, मक्याचा रवा, दूध, चमचाभर साखर आणि भरपूर कांदा एवढ्यावर ती होतात, आणि अमेरिकेतल्या आमिश लोकांच्या नावाने ती ओळखली जातात.

आमिश हा ख्रिस्ती धर्मातला, साधेपणाचे व्रत घेतलेला पंथ आहे. 1693 मध्ये स्वित्झर्लंड आणि अल्सास या भागांत याकोब अम्मान यांच्या मागे गेलेले लोक मूळ समुदायातून वेगळे झाले आणि पुढच्या शतकात त्यांतली अनेक कुटुंबे समुद्र ओलांडून पेन्सिल्व्हेनियात शेती करू लागली. आज त्या राज्यातला लँकेस्टर परगणा आणि ओहायोतला होम्स परगणा ही त्यांची मोठी वस्तीस्थाने आहेत. घरात ते जी बोली बोलतात तिला पेन्सिल्व्हेनिया डच म्हणतात, पण नावातल्या ‘डच’वरून फसू नये, ती जर्मन भाषेच्या कुळातली आहे. त्यांच्या बहुतेक घरांत तारेवरून येणारी वीज नसते, त्यामुळे स्वयंपाक गॅसवर किंवा लाकडाच्या चुलीवर होतो. रविवारची प्रार्थनाही चर्चच्या इमारतीत न होता आळीपाळीने एकेकाच्या घरी होते आणि ती आटोपल्यावर सगळ्यांची पंगत बसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. अमेरिकेत पदार्थाला ‘आमिश’ म्हटले की तो घरगुती आणि सकस वाटतो, म्हणून हे नाव तेथे जरा सढळ हाताने लावले जाते. तेव्हा प्रत्येक आमिश घरी ही भजी तळली जातात, असा माझा दावा नाही. मात्र शेतावर पिकलेले, गोठ्यातून आलेले आणि मसाल्यावाचून शिजवलेले असा जो पेन्सिल्व्हेनिया डच स्वयंपाक आहे, त्यात कोवळ्या मक्याची आणि सफरचंदाची भजी नेहमीची आहेत, आणि ही कांद्याची भजी त्यांचीच भावंडे शोभतात.

आता कृतीकडे वळू. पाऊण कप मैदा, एक मोठा चमचा मक्याचा बारीक रवा, एक मोठा चमचा साखर, दोन लहान चमचे बेकिंग पावडर आणि एक लहान चमचा मीठ कोरडेच एकत्र करावे. त्यात पाऊण कप दूध घालून घट्टसर पीठ भिजवावे आणि शेवटी अडीच कप चिरलेला कांदा मिसळावा. आपल्याकडचे मध्यम आकाराचे चार कांदे त्याला पुरतात. यात अंडे नाही, हे आपल्यापैकी अनेकांच्या सोयीचेच आहे. वाण्याकडे ‘कॉर्नफ्लोअर’ मागितले तर तो मक्याची पांढरी शुभ्र, मऊ पिठी देईल. ती येथे चालत नाही. आपल्याला दाताखाली किंचित करकरणारा पिवळा रवा हवा. बेकिंग पावडरीच्या जागी खाण्याचा सोडाही घालू नये, कारण सोड्याला फुलायला ताकासारखे काही आंबट लागते, आणि नुसत्या दुधात त्याची साबणासारखी चव मागे राहते.

पहिल्यांदा मी ही भजी केली तेव्हा हाताच्या सवयीने घात केला. खेकडा भजी करताना आपण उभ्या चिरलेल्या कांद्याला आधी मीठ चोळतो, त्याला पाणी सुटू देतो आणि मग त्या पाण्यात मावेल तेवढेच बेसन घालतो. पाण्याचा थेंबही वरून घालायचा नाही, हीच त्या भज्यांची खरी खूण. मीही कांद्याला मीठ लावून ठेवले आणि मग तो दुधात भिजवलेल्या मैद्यात घातला. पाहता पाहता पीठ पळीवाढे झाले, आणि कढईतून जे निघाले ते तेल प्यायलेले, लिबलिबीत, धिरड्याचे तुकडे म्हणावेत असे काहीतरी होते.

कारण उघड आहे. कांद्यात दर शंभर ग्रॅममागे सुमारे 89 ग्रॅम पाणी असते आणि मीठ ते बाहेर खेचते. बेसनाच्या भज्यांत आपण त्याच पाण्यावर पीठ भिजवतो, म्हणून ते हवेच असते. येथे ते काम दूध आधीच करून बसलेले असते. म्हणून मीठ पिठात घालायचे आणि कांदा अगदी शेवटी, तेल तापल्यावरच मिसळायचा. चिरायचा तोही उभा नाही, तर वाटाण्याएवढा चौकोनी. मैदा फेटत बसू नये, कारण फेटल्याने त्याला चिवटपणा येतो. थोड्या गाठी राहिल्या तर राहू द्याव्यात.

कांदा कोणता, यावरही बरेच अवलंबून आहे. उन्हाळ्यात निघून चाळीत साठवलेला नाशिककडचा कांदा कोरडा आणि घट्ट असतो, तो उत्तम. थंडीत येणारा लाल कांदा पाणीदार, म्हणून त्या दिवसांत मी आधी अर्धाच कप दूध घालते आणि चमच्यावरून पीठ गोळ्यागोळ्याने पडते की नाही ते पाहून उरलेले वाढवते.

तळणीसाठी बिडाची कढई असेल तर तीच काढावी, कारण ती एकदा तापली की लवकर निवत नाही. तेल दोन बोटे खोल पुरे. पिठाचा थेंब तळाशी जाऊन लगेच वर आला की तेल तयार झाले. मोठ्या चमच्याने पीठ सोडून पाठीने हलकेच दाबावे, म्हणजे भजे लहान वड्यासारखे चपटे होते. गोल गोळा राहिला तर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. साखर आणि दूध यांमुळे रंग लवकर चढतो, म्हणून आच मध्यमच ठेवावी. भज्याभोवतीचे बुडबुडे म्हणजे आतून बाहेर पडणारी वाफ, आणि तिचा जोर आहे तोवर तेल आत शिरत नाही. बुडबुडे मंदावले की झारा लगेच फिरवावा. काढलेली भजी एकावर एक न रचता जाळीवर सुटी ठेवावीत; डब्यात झाकली तर पाच मिनिटांत सादळतात.

तिसऱ्या घाण्यापर्यंत कांदा पाणी सोडू लागतो आणि पीठ सैल होते. तेव्हा आणखी दूध नको, चमचाभर कोरडा मैदा घालावा, एकदाच ढवळावे आणि उरलेले पीठ त्या एकाच घाण्यात संपवावे.