तारांमध्ये मिसळणारी फुंक

ब्राम्सच्या क्लॅरिनेट क्विंटेटची सुरुवात फक्त दोन व्हायोलिनांची. डी आणि एफ शार्प हे सूर डी मेजरमध्येही बसतात, बी मायनरमध्येही. त्यामुळे पट्टी कोणती, ते कानाला ठरवता येत नाही. पाचव्या बारला, म्हणजे तालाच्या पाचव्या आवर्तनाला, क्लॅरिनेट हे फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य खालून चढत येतं.

जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्सची ही पाच वाद्यांची रचना, ओपस (रचना क्रमांक) 115: एक क्लॅरिनेट आणि चार तारवाद्यं, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हियोला आणि चेलो. आता लिहिणं पुरे, असं त्याने 1890 मध्ये ठरवलं होतं. 1891 च्या मार्चमध्ये जर्मनीतल्या माइनिंगनच्या दरबारी वाद्यवृंदातल्या रिखार्ड म्यूलफेल्डचं क्लॅरिनेट त्याच्या कानावर पडलं आणि त्याच उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या बाड इशल गावात हे क्विंटेट लिहून झालं. म्यूलफेल्ड मूळचा व्हायोलिनवादक, क्लॅरिनेट स्वतःच शिकलेला. तारांच्या मधोमध क्लॅरिनेट कसं बसवायचं, हे या रचनेत सतत जाणवतं.

आता वादकाच्या बोटांकडे पाहा. वाद्य ए पट्टीचं, म्हणजे कागदावर लिहिलेला ‘सी’ वाजवला की ऐकू येतो ‘ए’. त्या पहिल्या चढणीत लिहिलेल्या ‘ए’ला जवळजवळ सगळी भोकं उघडी, फुंक नळीच्या वरच्या टोकालाच निसटते, आवाज पातळ. पुढच्याच ‘सी’ला सगळी भोकं बंद, शिवाय सूर वरच्या पट्ट्यात नेणारी अंगठ्याची कळ, रजिस्टर की. एक बोट मागे राहिलं तरी मध्येच चिरका सूर निघतो. म्हणून जाणते वादक ‘ए’ वाजवतानाच उजव्या हाताची बोटं आधी दाबून ठेवतात. जोड ऐकू येत नाही, आणि तो पातळ सूरही थोडा भरतो.

दुसरा भाग आदाजियो, म्हणजे संथ लयीचा. चारही तारवाद्यांवर म्यूट, म्हणजे आवाज मंद करणारा चिमटा. मधल्या भागात तारा थरथरत राहतात आणि वरून क्लॅरिनेटच्या हंगेरियन जिप्सी ढंगाच्या ताना. इथे घाई झाली की ताना नुसत्या सरावाच्या वाटतात. प्रत्येक तान कुठे टेकते, ते चेलोवाल्याला आधी कळायला हवं.

तिसरा भाग छोटा, तुलनेने सोपा. चौथ्यात एक धून आणि तिची पाच रूपं. त्यातल्या पहिल्या रूपात चेलो पुढे येतो. शेवटी पहिल्या भागाची सुरुवातच परत येते.

मग शेवटचे दोन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर. एक जोरात, दुसरा हळू. अवघड हा दुसरा. क्लॅरिनेट हळू फुंकलं की सूर वर सरकतो. त्यात अर्ध्या तासाहून जास्त वेळ श्वासाने तापलेलं लाकूड. म्हणून चौथ्या भागाआधी माउथपीसखालचं बॅरल (नळीचा छोटा तुकडा) मिलिमीटरभर बाहेर ओढून घ्यावं, म्हणजे सूर खाली येतो.