भूत उशिरा आलेलं बरं

नमस्कार श्रोतेहो.

भुताची गोष्ट वाचायला किंवा बघायला निवडायची कशी, यावर आज बोलायचं आहे. भुतं असतात की नसतात हा वाद बाजूला ठेवू. चतुर्थीला सगळं कुटुंब मूळ घरी जमलं की तो होतोच, आणि दरवर्षी अर्धवटच राहतो.

आपली, म्हणजे गोव्यातल्या माणसांची, एक अडचण आहे. आपल्याला अशा मंडळींची सवय झालेली आहे. गावच्या सीमेवर राखणदार असतो, देवचार असतो. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी, आणि रात्री गावाभोवती फेरी. त्याला आपण रोट देतो, सोरो म्हणजे दारू देतो, विडी ठेवतो. वेताळाला तर चामड्याच्या वहाणा वाहतात, आणि रात्रभर फिरून त्या झिजतात असं गावातली जाणती माणसं सांगतात. आता ज्याच्या वहाणांची काळजी आपणच करतो, त्याला घाबरायचं कसं?

म्हणून स्मशान, वटवाघळं, पांढरी साडी एवढ्या सामानावर उभी केलेली गोष्ट आपल्यावर फारशी चालत नाही. आपल्याला खरी धास्ती असते ती बंद घराची. घरातली माणसं लिस्बनला नाहीतर मुंबईला, दाराला गंजलेलं कुलूप, अंगणात माडाची झावळं पडलेली, आणि माडीवरची एकच खिडकी उघडी. काल ती बंद होती. बस्स, एवढं पुरतं.

यातूनच माझी कसोटी निघते. गोष्टीत भूत किती उशिरा येतं ते बघायचं. आधी ते घर खरं वाटलं पाहिजे. कोण कुठे झोपतं, विहिरीवर कोण जातं, म्हातारी कुणाशी बोलत नाही, हे कळल्यावर एखादी वस्तू जागची हलली तर आपण दचकू. तिसऱ्याच पानावर किंकाळी ऐकू आली, तर पुढच्या दोनशे पानांत लेखकाला आवाज वाढवत नेण्याशिवाय काही उरत नाही. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात गेलात, तर पुस्तक घेऊन बसा आणि पहिली पाच-सहा पानं वाचा. तेवढ्यात निकाल लागतो. मुखपृष्ठावर मात्र जाऊ नका. कवटी आणि लाल डोळ्यांच्या मागे कधीकधी फार चांगलं लेखन दडलेलं असतं.

नारायण धारपांचंच बघा. 1925 ते 2008 हा त्यांचा काळ. अनेकांनी त्यांना शाळेच्या दप्तरात लपवून वाचलं आणि मोठेपणी नाव घ्यायला संकोच केला. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या 1975 सालच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे, आणि किंगच्या त्या कादंबरीमागे 1897 चा ‘ड्रॅक्युला’ उभा आहे. म्हणजे ट्रान्सिल्व्हेनियातून निघालेला पाहुणा अमेरिकेत मुक्काम करून मराठी गावात उतरला! उसनवारी म्हणून कुणी नाक मुरडेल. मला त्यात कारागिरी दिसते, कारण आपल्याकडच्या वाड्यात ती भीती मुरवणं सोपं नाही.

रत्नाकर मतकरींचा रस्ता वेगळा. त्यांच्या गूढकथांत पुष्कळदा भुतापेक्षा माणसाच्याच मनाची भीती वाटते. ज्यांना भुतांचं हसू येतं त्यांनी मतकरींपासून सुरुवात करावी. आणि कादंबरीपेक्षा कथा घ्या. भीती एका बैठकीत संपलेली बरी. मध्ये दोन वेळा जेवण आणि एकदा बाजार झाला की ती उतरते. इंग्लंडमधले एम. आर. जेम्स केंब्रिजला नाताळच्या सुट्टीत मित्रांना आपल्या भूतकथा वाचून दाखवत; त्यांचा पहिला संग्रह 1904 मध्ये आला. आपल्याकडे जूनमध्ये वीज जातेच. मोबाइलच्या उजेडात कुणीतरी एकानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.

सिनेमाच्या बाबतीत मी डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त विश्वास ठेवते. रेडिओवर बोलते आहे म्हणून नव्हे हं! 1949 चा ‘महल’ घ्या. ‘आएगा आनेवाला’च्या सुरुवातीला तो आवाज लांबून जवळ येत जातो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी माइक मध्ये ठेवला होता आणि आपण गात गात दुरून त्याच्याकडे चालत गेलो, अशी आठवण स्वतः लताबाईंनी सांगितली आहे. रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव छापलं होतं कामिनी, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव. हे गाणं कुणी गायलं, अशी विचारणा श्रोत्यांनी रेडिओकडे केली, तेव्हा कुठे मंगेशीच्या दीनानाथांच्या मुलीचं नाव लोकांना कळलं. ज्यांनी ‘महल’ पाहिला आहे त्यांनी शेवट कृपा करून सांगू नये.

बंद घराची भीती हवी असेल तर 2001 चा इंग्रजी ‘द अदर्स’ बघा. जर्सी बेट, नुकतंच संपलेलं महायुद्ध, बाहेर धुकं. मुलांना उजेड सोसत नाही, म्हणून एक दार कुलूपबंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा आईचा नियम. किल्ल्यांच्या जुडग्याचा आवाज त्यात ऐका. रक्तपात जवळजवळ नाहीच.

पाऊस हवा असेल तर 2018 चा ‘तुंबाड’. त्यातल्या आजीचं मूळ पुन्हा धारपांच्या कथेत आहे. तिथे खरं भूत लोभाचं, आणि जमिनींचे भाव चढलेल्या आपल्या गावांत तो सिनेमा जरा जास्तच ओळखीचा वाटतो. ‘लपाछपी’ची गंमत अशी की त्यातली भीती भर दिवसा, उसाच्या फडात फिरते. मात्र नायिका गरोदर आहे; घरात कुणी तशी असेल तर तो पुढे ढकला. आणि ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेबद्दल मी काय सांगणार? सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं ते घर आपल्या शेजारचंच. तिथली बोली ऐकूनच निम्मं काम होतं.

राहिली मुलं. त्यांना सगळे 1993 चा ‘झपाटलेला’ दाखवतात, विनोदी आहे म्हणून. पण लहान मुलाला विनोद कळायच्या आधी रामदास पाध्यांचा तो बाहुला दिसतो, तात्या विंचू. तेव्हा तो दुपारी दाखवा, शेजारी बसून दाखवा, आणि शोकेसमध्ये बाहुली असेल तर ती आधी दुसऱ्या खोलीत हलवा.

नमस्कार.